लाकूडतोडीतील यंत्रांचे धोके (बेळगाव सीमाभाग)

झाड पाडणे, ओंडके ओढून वाटेवर आणणे आणि ते वाहनात चढवणे या कामांत ट्रॅक्टर, जेसीबी, क्रेन व साखळी-करवतीमुळे होणारे अपघात या विषयात मोडतात. बेळगाव जिल्ह्यातला खानापूर आणि त्याला लागून असलेले उत्तर कन्नडमधील हल्याळ, जोयडा हे तालुके म्हणजे सीमाभागातला लाकूडपट्टा. भीमगड अभयारण्य आणि काळी व्याघ्र प्रकल्प राखीव असल्याने तोड होते ती मुख्यतः लागवडीतल्या व मालकी जमिनीतल्या साग, नीलगिरी, अकेशियाची.

जंगलकामासाठीच बनवलेली यंत्रे इकडे क्वचितच दिसतात. जूनमध्ये भाताचा चिखल करणारा ट्रॅक्टरच दिवाळीनंतर ओंडके ओढतो, आणि बहुतेक धोक्यांचे मूळ तिथेच आहे. साखळी ड्रॉबारला, म्हणजे मागच्या आसाच्या खाली असलेल्या ओढपट्टीला बांधलेली असेल, तर पुढची चाके उचलू लागताच बांधलेली जागा खाली जाते आणि उलटवणारा जोर कमी होतो. घाईत तीच साखळी वर टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) खुंटीला अडकवली, तर ओंडका एखाद्या बुंध्याला अटकण्याचा अवकाश, ट्रॅक्टरचे तोंड आभाळाकडे जाते. दोनेक सेकंदांचा खेळ; क्लचवर पाय जाईपर्यंत सगळे आटोपलेले असते. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना, उलटल्यास चालकाला वाचवणारी सुरक्षा-चौकट सक्तीची केली. आपल्याकडे चालकाच्या डोक्यावर असते ते बहुधा उन्हासाठीचे छत. ते ट्रॅक्टरचा भार पेलत नाही. मडगार्डवर बसलेल्या सोबत्याला तर तेवढाही आडोसा नसतो.

तीन मीटर लांब, चाळीस सेंटिमीटर व्यासाचा ऐन या झाडाचा ओला ओंडका पावणेचारशे किलोच्या आसपास भरतो. उतारावर तो सुटला की पहार लावून थांबत नाही, म्हणून माणसाने नेहमी ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभे राहायचे. भरताना जेसीबीच्या बकेटच्या दातांना नुसती अडकवलेली साखळी ओंडका हेलकावताच निसटते. ओंडके ओढणारी ताणलेली पोलादी तार तुटली तर चाबकासारखी मागे येते. तिचे तुटके धागे शोधायला हात नव्हे, कापसाचा बोळा फिरवतात.

साखळी-करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून चालकाच्या तोंडाकडे येते. तोडताना इतरांनी झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर थांबावे, असा दंडक आहे. मात्र वेलींनी शेजारच्या झाडाला जखडलेले झाड कुठे पडेल याचा नेम नसतो.

या टोळ्यांत मराठी, कोकणी, कन्नड बोलणारे एकत्र असतात. एकाचे ‘थांब’, दुसऱ्याचे कन्नड ‘तडी’. इंजिनाच्या आवाजात दोन्ही बुडतात. हाताच्या खुणा सकाळीच ठरवून घेणे आणि खुणा करणारा एकच माणूस ठेवणे, एवढ्याने बरेच साधते.

१९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे भरपाईस पात्र कामांच्या यादीत, झाडतोडीचा उल्लेख होता; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पण रोजावरच्या गड्याचे नाव हजेरीपटावर नसेल, तर तो त्या दिवशी कामावर होता हेच आधी सिद्ध करावे लागते.