रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, म्हणून गाठ साधी?

‘स्तनात गाठ आहे, पण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आलाय, म्हणजे कॅन्सर नाही.’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो घातक आहे. सुरुवातीच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये सीबीसी बहुधा नॉर्मलच असतो. सीए १५-३, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरसाठी रक्तात मोजलं जाणारं प्रथिन, तेसुद्धा अनेकदा वाढलेलं नसतं.

हल्ली एनएलआरची, म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराची, चर्चा असते. रिपोर्टमधले न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील, तर भागाकार २, तोच एनएलआर. निदान झालेल्या रुग्णांत तो जास्त असणं आणि आजार पुढे अवघड जाणं यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. पण जंतुसंसर्गाने, स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही तो चढतो. त्यावरून निदान होत नाही.

स्तनात हाताला गाठ लागली तर डॉक्टरांकडून तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि संशय वाटला तर सुईने बायोप्सी. कृपा करून सीबीसीवर थांबू नका.