गोपनीयता आणि ‘कोणालाही सांगणार नाही’ हे वचन

मुलांच्या समुपदेशनाचा विषय निघाला, मग तो शिक्षकांच्या प्रशिक्षणात असो वा पालकसभेत, की कोणीतरी हमखास सांगते, ‘आधी मुलाचा विश्वास संपादन करा आणि तो जे बोलेल ते कोणालाही सांगणार नाही असे त्याला वचन द्या.’ या वाक्याचा पहिला भाग योग्यच आहे. दुसरा भाग मात्र प्रशिक्षित समुपदेशकाने कधीही उच्चारू नये, असे असूनही सोलापुरातील कित्येक शाळांत मुलांशी मनापासून बोलणारी चांगली माणसे तोच पहिल्याने उच्चारतात.

गुपित राखणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. मैत्रिणीचे, भावंडाचे, मावशीचे गुपित आपण सर्वांनी राखलेले असते. समुपदेशकाच्या गोपनीयतेत लेखी नोंदी असतात, ठरलेली वेळ असते, स्वतंत्र खोली असते (निदान असावी), हे फरक खरे असले तरी त्यांच्यामुळे कोणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो मर्यादेच्या प्रश्नावर.

वचनाला अपवाद नसतो. गोपनीयतेला तो असतो, आणि मुलाने तोंड उघडण्यापूर्वीच तो त्याला सांगितलेला असतो. मुलाच्या स्वतःच्या जिवाला धोका असेल, त्याच्याकडून दुसऱ्या कोणाला गंभीर इजा होण्याची शक्यता असेल किंवा कोणी त्याचा छळ अथवा लैंगिक शोषण करीत असेल, तर समुपदेशकाला गप्प राहता येत नाही. शेवटच्या बाबतीत तर हा केवळ व्यावसायिक नीतीचा भाग राहत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ नुसार, अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचे ज्याला समजते त्या प्रत्येकावर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीच्या गुन्ह्याची माहिती दडवली, तर ही मर्यादा एक वर्षापर्यंत जाते. ‘मुलीला मी शब्द दिला होता’ हे कारण तेथे चालत नाही.

आता सोळा वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे ऐकल्यावर ती नात्यातल्या एका पुरुषाविषयी बोलू लागते. समुपदेशकापुढे या क्षणी दोनच वाटा उरतात: कायदा मोडून गप्प राहायचे किंवा शब्द मोडून बोलायचे. तो दुसरी वाट धरतो आणि ती त्याने धरलीच पाहिजे. परंतु ज्या मुलीचा विश्वास आधीच एका मोठ्या माणसाने मोडला आहे, तिचा विश्वास मोडणारा दुसरा मोठा माणूस तो ठरतो. हीच मर्यादा तिला पहिल्या पाच मिनिटांत कळली असती, तर काय सांगायचे आणि केव्हा सांगायचे हे तिने स्वतः ठरवले असते. त्याच वयाच्या दोघांच्या प्रेमसंबंधातही हा पेच उद्भवतो, कारण अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती हा कायदा ग्राह्य धरत नाही. म्हणून किशोरवयीन मुलांशी बोलताना तर ही मर्यादा सांगणारी प्रस्तावना कधीही टाळू नये.

प्रस्तावना सोपी असावी: ‘तू इथं जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका आहे, तुला कोणी त्रास देतंय किंवा तुझ्याकडून कोणाला इजा होईल असं मला वाटलं, तर मला आणखी एखाद्याला सांगावं लागेल. कोणाला आणि काय सांगणार, हे आधी तुला सांगेन.’ त्यानंतर ‘समजलं ना?’ असे विचारून पुढे जाऊ नये, कारण त्यावर प्रत्येक मूल मान डोलावते. त्याने आपल्या शब्दांत ते पुन्हा सांगावे, एवढा आग्रह धरावा.

‘असे सांगितले तर मुले बोलणारच नाहीत’ ही हरकत मी फार वेळा ऐकली आहे आणि ती मला मान्य नाही. काही मुले त्या दिवशी थांबतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. पुष्कळ मुले ‘माझ्या एका मैत्रिणीचं असं झालंय’ अशा आडवळणाने अंदाज घेत पुन्हा येतात. फसवून मिळवलेली मोकळीक घेऊन काम करण्यापेक्षा ही वाट पाहणे मला बरे वाटते.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच सर्रास दिसते. मर्यादा आहे म्हणजे सगळेच उघडे आहे, असे समजून शिक्षककक्षात चहाबरोबर मुलांच्या घरच्या गोष्टी चघळल्या जातात, किंवा ‘काय म्हणाला तो?’ या मुख्याध्यापकांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर दिले जाते. चोरून ओढलेली सिगारेट, लपवलेली गुणपत्रिका, वर्गातल्या मुलीला लिहिलेली चिठ्ठी यांतले काहीही अपवादात बसत नाही. पालकांना काळजी असते आणि त्यांना अंधारात ठेवणे योग्य नाही, परंतु ‘परीक्षेचा ताण बराच आहे, घरी गुणांची तुलना थांबवा’ असे सांगण्यासाठी मुलाने उच्चारलेले वाक्य उद्धृत करावे लागत नाही. अपवाद लागू झाला तरीही आवश्यक तेवढेच, आवश्यक त्या व्यक्तीलाच सांगायचे असते.

सोलापुरात आणखी एक गोष्ट हटकून विसरली जाते. पूर्व भागातील अनेक मुले घरी तेलुगू बोलतात. कन्नड आणि उर्दू बोलणारीही पुष्कळ आहेत. मन भरून आले की ती आपसूक घरच्या भाषेत शिरतात, आणि मग सोयीसाठी शेजारच्या वर्गातली मोठी बहीण किंवा गल्लीतलीच एखादी ओळखीची सेविका दुभाषी म्हणून बोलावली जाते. समुपदेशकाने स्वतः कितीही नियम पाळले, तरी तिला कोणीही कसलीही मर्यादा सांगितलेली नसते, शिवाय त्रास देणारा माणूस तिच्याच घरातला असू शकतो. अशा वेळी कुटुंबाबाहेरचा, वस्तीबाहेरचा आणि गोपनीयतेचे नियम मान्य केलेला दुभाषी शोधावा. तो न मिळाल्यास मुलाची भाषा येणाऱ्या दुसऱ्या समुपदेशकाकडे त्याला पाठवावे, आणि का पाठवत आहोत हे त्यालाच आधी सांगावे.