चीनच्या सीमेवरचे निषेध खलिते: १९५४ पासूनची गोष्ट

चीननं घुसखोरी केली, भारतानं निषेध नोंदवला अशी बातमी आली की आमच्या बेळगावात कुणीतरी म्हणतंच, कागद पाठवून काय होतंय. खानापूर-निपाणीकडची कितीतरी घरं अशी आहेत की ज्यांचा मुलगा लडाखला ड्युटी करून आलाय, त्यामुळं हा राग समजतो मला. पण शेतकऱ्याला कागदाची किंमतही माहीत असते. शेजारी दरवर्षी नांगरताना वीतभर बांध कोरतो, आपण गप्प बसलो की दहा वर्षांनी तोच म्हणतो बांध पहिल्यापासून इथंच हाय, आणि आपल्याकडं दाखवायला एक तक्रारअर्जसुद्धा नसतो. देशांचंही तसंच, हरकत घेतली नाही तर मूकसंमती धरली जाते.

बऱ्याच जणांना माहीत नसतं, पहिली तक्रार चीनची होती. २९ एप्रिल १९५४ ला भारत-चीनचा, तिबेटशी व्यापार-येजा करण्याबाबतचा पंचशील करार झाला, तीन महिनेही झाले नव्हते तोवर १७ जुलैला चीनचं पत्र आलं की तुमचे सैनिक आमच्या हद्दीत आलेत. जागा बाराहोती, आताच्या उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातलं उंचावरचं कुरण, उन्हाळ्यात मेंढरं चरतात तिथं. भारतानं कळवलं, ती जागा आमचीच. करारात नीती, शिपकी, लिपुलेख अशा खिंडींची नावं होती पण सीमा कुठून जाते याबद्दल एक ओळ नव्हती, माझ्या मते सगळं दुखणं तिथंच आहे.

मग अक्साई चीन, लडाखच्या पूर्वेचं उंच ओसाड पठार, भारत ते आपलं मानतो. शिनजियांग ते तिबेट रस्ता चीननं तिथून नेला, १९५७ ला पुरा झाल्याचं जाहीरही केलं, आणि आपला खलिता गेला १८ ऑक्टोबर १९५८ ला. हा उशीर मला आजही टोचतो. १९५९ च्या सप्टेंबरात नेहरूंनी सगळा पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणून संसदेत ठेवला तेव्हा कुठं लोकांना कळलं पाच वर्षं काय चाललं होतं ते. पुढच्याच महिन्यात, २१ ऑक्टोबरला, लडाखात कोंगका ला जवळ आपले १० पोलीस मारले गेले. दरवर्षी त्या तारखेला पोलीस ग्राउंडवर बंदुका उलट्या धरून मानवंदना देतात ना, ती त्यांच्यापासून सुरू झाली.

१९६२ च्या युद्धानंतर उरली ती एलएसी, म्हणजे प्रत्यक्ष ताबारेषा. भारत तिची लांबी ३,४८८ किलोमीटर सांगतो, चीन जवळपास २,०००. दोघंही आपापल्या समजुतीच्या रेषेपर्यंत गस्त घालतात आणि दोघंही दुसऱ्याला घुसखोर म्हणतात. आपला बेळगावचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न कितीही चिघळला तरी २००४ पासून सुप्रीम कोर्टात केस तरी आहे, तिथं दोन देशांच्या वर कुणीच नाही.

१९९६ च्या करारात रेषेपासून २ किलोमीटरच्या आत गोळी झाडायची नाही असं ठरलं. २०१३ ला लडाखातल्या देप्सांगमध्ये चिनी सैन्य १९ किलोमीटर आत तंबू ठोकून बसलं, तेव्हा राजदूताला बोलावून निषेध, फ्लॅग मीटिंगा (दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या सीमेवरच्या बैठका), आणि तीन आठवड्यांनी तंबू निघाले. १५ जून २०२० ला लडाखातच गलवानमध्ये मात्र गोळी न सुटता, दगड आणि खिळे मारलेल्या दंडुक्यांच्या मारामारीत आपले २० जवान गेले. २०२४ च्या ऑक्टोबरात देप्सांग आणि देमचोकच्या गस्तीवर समझोता झाला, पण रेषेच्या नकाशांची अदलाबदल आजवर झालीय ती फक्त मधल्या, म्हणजे हिमाचल-उत्तराखंडकडच्या भागाची, लडाखची नाहीच.