चाळिशीत साल्सा शिकायला येताय? आधी एवढं वाचा

चौकशीला आलेले बरेच जण दारातच विचारतात, “आता ह्या वयात जमतंय होय ओ?” जमतं. चालता येत असेल आणि आठपर्यंत मोजता येत असेल, तर बाकीचं आमच्यावर सोडा.

साल्सा हा जोडीनं करायचा नाच, मूळचा क्युबाच्या ‘सोन’ संगीतातला. १९६० आणि ७० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन आणि क्युबन वस्त्यांत त्याला आजचं रूप आलं. मोजणी आठाची. १-२-३ ला पावलं, ४ ला थांबायचं. ५-६-७ ला पावलं, ८ ला थांबायचं. नेणारा, म्हणजे जोडीला दिशा देणारा, डावा पाय पुढं टाकतो, जोडीदार उजवा मागं घेतो. भजनाला बसणाऱ्यांच्या अंगात आठ मात्रांचा केरवा मुरलेला असतो, त्यांना मोजणी लगेच कळते. पण अडकतात तेच! केरव्यात पाचव्या मात्रेला ‘खाली’ येते, म्हणजे तिथं हात हलका होतो. इथं पाचला ठाम पाऊल टाकायचं असतं. शिवाय चार आणि आठ मोकळे सोडायचे, ते पायांना पटायला दोन-तीन आठवडे जातात. गाणी बहुतेक मिनिटाला १६० ते २२० ठोक्यांची. सुरुवातीला आम्ही गाण्याशिवाय नुसत्या टाळ्यांवर चालवतो.

झिम्मा-फुगडी खेळलेल्या बायकांना हातातला ताण सांगावा लागत नाही. फरक एवढाच, की फुगडीत दोघी मागं रेलतात, एकीनं हात सोडला की दुसरी आपटते. साल्सात रेलायचं नाही. हात सुटला तरी आपण आपल्या पायांवर उभं राहिलं पाहिजे. मी स्वतः पस्तिशीनंतर शिकलो, तेव्हा अंगठ्यानं असा करकचून हात धरायचो, की एका ताईंनी विचारलं, “स्कूटरचं हँडल धरलंय काय?” अंगठा सैल, बोटं नुसती हुकासारखी.

जोडीदार आणायची गरज नाही. दर गाण्याला जोडी बदलते. नवरा-बायको आले तर पहिले चार तास आम्ही त्यांना मुद्दाम वेगळं ठेवतो. एकत्र ठेवलं, की दोघंही एकमेकांचेच मास्तर होतात. कुणाबरोबर नाचायचं नसेल तर “आज नको” म्हणा, कारण विचारणार नाही. बायकांना नेणाऱ्याची पावलं शिकायची असतील तर जरूर शिका.

बुटांकडं मात्र लक्ष द्या. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज फरशीला चिकटतात. अंग वळतं, पाय तिथंच राहतो आणि पीळ गुडघ्याला बसतो. कोल्हापुरी चप्पल टाचेकडून सुटते. चामडी तळाचा, टाच धरून ठेवणारा साधा बूट किंवा सँडल चांगला. पावसाळ्यात तो पिशवीतून आणा, बाहेरचा चिखल बाहेर.

पहिला तास फुकट. खानापूरकडून येणाऱ्यांसाठी रविवारी दुपारची तुकडी आहे. परतीची बस चुकू नये म्हणून शेवटचं गाणं अर्धं राहिलं तरी आम्ही वेळेवर सोडतो.