शिडावर चाललोय, मग गिअर कुठे ठेवायचा?

दुपारी वायव्येचा वारा धरला की मुंबईहून मांडव्याकडे जाताना इंजिन बंद करायची मजाच वेगळी. डिझेलची धडधड थांबते, पाण्याचा सळसळ आवाज ऐकू यायला लागतो, आणि मग दोन मिनिटांत पायाखालच्या फळीतून बारीक घर्रर्र सुरू होते. मित्राच्या बोटीवर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं इंजिन नीट बंदच झालं नाही. तो म्हणाला, अरे बोटीखालचा पंखा, प्रोपेलर, फिरतोय, पाणी फिरवतंय त्याला. आणि हात लांब करून गिअरचा दांडा खटकन रिव्हर्सला टाकला. घर्रर्र बंद. "हे बघ, आता पंखा लॉक, ओढ पण कमी."

पाणी पंखा फिरवतं हे बरोबर होतं, पण लॉक केल्याने ओढ, म्हणजे बोटीला मागे खेचणारा पाण्याचा जोर, कमी होते हे साफ चूक. पण ही चूक जगभरचे शिडाच्या बोटीवाले वर्षानुवर्षं करत आलेत, कारण ती ऐकायला पटते. फिरणाऱ्या गोष्टीला फिरवायला ताकद लागते, ती ताकद बोटीच्या वेगातूनच जाणार, मग थांबवलेला पंखा बरा, असं वाटतं ना? वर कोणीतरी हेलिकॉप्टरचं उदाहरण देतं की इंजिन बंद पडलं तरी रोटर वाऱ्याने फिरत राहतो आणि हेलिकॉप्टरला हळू खाली आणतो, म्हणजे फिरणारा पंखाच जास्त अडवतो.

आता पंखा जवळून बघू. साधा तीन पात्यांचा फिक्स, म्हणजे पाती न मिटणारा, पंखा घ्या, व्यास १६ इंच, पिच १२ इंच. पिच म्हणजे स्क्रूसारखं, एका फेरीत तो पाण्यातून किती पुढे सरकेल ते अंतर. या हिशेबाने पात्याच्या मुख्य भागाचा कोन साधारण २० अंश येतो, म्हणजे पंखा थांबलेला असेल तर समोरून येणाऱ्या पाण्याला पातं जवळजवळ आडवं उभं असतं, ७० अंशांत, दार अर्धवट नाही तर चांगलं लोटलेलं असावं तसं. पाणी पात्याला चिकटून वाहूच शकत नाही, मागे फाटतं, भोवरे होतात आणि ते भोवरे बोटीला मागे ओढतात. बोट ६ नॉटने म्हणजे ताशी ११ किलोमीटरने चालली असेल तर माझ्या ढोबळ हिशेबात ही ओढ ३० ते ४० किलोच्या घरात जाते. मागे दोरीला बांधून सिमेंटची जवळजवळ एक गोणी ओढत नेताय असं समजा, आणि वर वेग दुप्पट झाला की ओढ चौपट.

तोच पंखा गिअर न्यूट्रलला ठेवून मोकळा सोडला की भिंगरीसारखा फिरतो. लहानपणी भिंगरी घेऊन पळताना बोटाने ती थांबवली की हाताला वारा जास्त लागायचा, आठवतंय? पंखा फिरायला लागला की पातं स्वतःच बाजूला सरकत असतं त्यामुळे पात्याच्या नजरेतून पाणी समोरून न येता तिरकं, पात्याच्या सपाटीला धरूनच येतं. ६ नॉटला घर्षण अजिबात नसतं तर हा पंखा मिनिटाला साधारण ६०० फेऱ्या मारेल, प्रत्यक्षात गिअरबॉक्स आणि शाफ्टचं (गिअरबॉक्सपासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याचं) सील थोडं अडवतात म्हणून कमी. जितका मोकळा फिरेल तितकी ओढ कमी. २००८ मध्ये ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी शिडाच्या बोटींच्या पंख्यांची ओढ टाकीत मोजून छापली, त्यातही लॉक केलेला पंखा मोकळ्या फिरणाऱ्यापेक्षा बराच जास्त ओढतो असंच निघालं. हेलिकॉप्टरचं काय मग? तिथे पायलट पात्यांचा कोन मुद्दाम जवळजवळ सपाट करतो, म्हणून रोटर जोरात फिरतो आणि थाळीसारखा हवा अडवतो. बोटीच्या पंख्याचा कोन ठरलेला आणि मोठा, त्यामुळे हेलिकॉप्टरचा नियम इथे लागूच होत नाही.

म्हणजे पाण्याचं उत्तर न्यूट्रल. पण गिअरबॉक्सचं उत्तर वेगळं असू शकतं, आणि खरी गंमत मला तिथेच वाटते.

लहान डिझेल इंजिनांच्या कितीतरी गिअरबॉक्समध्ये 'कोन क्लच', म्हणजे शंकूच्या आकाराचा क्लच असतो, एक निमुळता तुकडा दुसऱ्या निमुळत्या वाटीत बसतो, पेल्यात पेला अडकतो तसा. त्याची रचना अशी की इंजिनचा जोर आला की तो स्वतःच आणखी घट्ट बसतो. आता शिडावर चालताना पाणी पंख्याला पुढच्याच दिशेने फिरवतं, इंजिन फॉरवर्डला फिरवतं त्याच दिशेने. दांडा फॉरवर्डला असेल तर जोर उलट्या बाजूने येतो, शाफ्टकडून इंजिनकडे, मग क्लच घट्ट व्हायच्या ऐवजी सैल पडतो, घसरत राहतो आणि झिजतो. म्हणून फॉरवर्ड नको म्हणजे नको. रिव्हर्सला उलट होतं, पाण्याचा जोर क्लचला घट्ट करतो, इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबली जाणारी हवा, शाफ्ट धरून ठेवतं, आणि तासन् तास तसं ठेवलं तर तो इतका रुततो की दांडा हलत नाही.

म्हणूनच कंपन्यांचे सल्ले वेगवेगळे आहेत. इंजिन बनवणारी यानमार सांगते न्यूट्रलच ठेवा. झेडएफ-हुर्थ या कंपनीच्या मेकॅनिकल गिअरबॉक्सला न्यूट्रल किंवा रिव्हर्स चालतं, फॉरवर्ड नाही. हायड्रॉलिक गिअरबॉक्स असेल तर इंजिन बंद झाल्यावर तेलाचा दाबच नसतो, दांडा कुठेही टाका, लॉक होणारच नाही, तिथे शाफ्टला वेगळा ब्रेक लागतो. आपल्या बोटीचं मॅन्युअल उघडून बघणं भाग आहे.

फोल्डिंग पंख्याचं अजून निराळं. त्याची पाती पाण्याच्या जोराने मिटतात, कमळाची कळी मिटावी तशी, पण शाफ्ट फिरत राहिला तर गतीमुळे उघडीच राहतात. त्यामुळे क्षणभर रिव्हर्सला टाकून शाफ्ट थांबवायचा, पाती मिटली की परत न्यूट्रल. आणि जुन्या लांब कीलच्या (बोटीच्या तळाखालच्या कण्याच्या) बोटीला दोन पात्यांचा पंखा असेल तर लॉक करणंच फायद्याचं ठरू शकतं, कारण पाती उभी थांबवली की कीलच्या लाकडामागे लपतात. त्यासाठी लोक शाफ्टवर रंगाची खूण करून ठेवतात.

त्या दिवशी मांडव्याची जेट्टी जवळ आली तेव्हा आमचा दांडा रिव्हर्समध्ये रुतलेलाच होता. मित्र दोन्ही हातांनी ओढतोय, मी वेड्यासारखा जेट्टीकडे बघतोय. तसंच इंजिन चालू केलं असतं तर बोट गर्दीत मागे गेली असती. शेवटी त्याने बोट वळवून नाक वाऱ्यात घातलं, शिडं फडफडायला लागली, वेग एक नॉटवर आला, पंख्यावरचा पाण्याचा जोर गेला आणि दांडा करंगळीने सरकावा तसा न्यूट्रलला आला. घर्रर्र मात्र काही आलं नाही, कारण तेवढ्या वेगात पंखा फिरतच नव्हता.