द्विशिक्षकी शाळेचे वातावरण

द्विशिक्षकी शाळा म्हणजे चार किंवा पाच इयत्ता आणि शिक्षक दोनच. महाराष्ट्रात वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत हा प्रकार सर्रास दिसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९, अंमल १ एप्रिल २०१०) अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या ६० पटापर्यंत दोन शिक्षक धरले आहेत. त्यांपैकी एक जण रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की त्या दिवसापुरती शाळा एकशिक्षकी होते.

प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, असेही हीच अनुसूची सांगते. त्यामुळे सहसा पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसते. एका खोलीतल्या दोन इयत्तांना समोरासमोरच्या भिंतींवर वेगळे फळे देऊन पाठीला पाठ लावून बसवले, तर लक्ष कमी विचलित होते. मात्र खिडकी फळा असलेल्याच भिंतीत असली, तर मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि अक्षर दिसत नाही. उजेड डावीकडून आला, तर उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली वहीवर पडत नाही. पाठीला पाठ लावलेल्या दोन्ही गटांना हे एकाच खिडकीतून साधत नाही. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात शिकवणे ऐकू येत नाही, उन्हाळ्यात सकाळची शाळा भरवावी लागते.

सर्वांत जास्त बिघडते ते स्वच्छतागृह, आणि तेही बांधकामामुळे क्वचितच. राष्ट्रीय इमारत संहितेत २५ मुलींमागे एक आणि ४० मुलांमागे एक शौचकूप धरला आहे. दिवसाच्या शाळेसाठी पाणी दरडोई रोज ४५ लिटर. म्हणजे ६० मुलांना २,७०० लिटर. छपरावर मात्र ५०० लिटरची टाकी असते आणि तीही भरलेली असेलच असे नाही. पाणी नाही म्हणून घाण, घाण म्हणून कुलूप, आणि किल्ली गुरुजींच्या टेबलात. मग मुली दिवसभर पाणी पिणे टाळतात. सफाईला माणूस नेमलेला नसला, की झाडू मुलांच्या हाती जातो. तो ठरावीक घरांतल्याच मुलांच्या हाती जातो का, हे पाहिले की शाळेतला जातिभेद रंगवलेल्या सुविचारांपेक्षा लवकर कळतो.

पोषण आहाराची पंगत हीदेखील अशीच खूण. पहिली ते पाचवीसाठी दरडोई १०० ग्रॅम तांदूळ मिळतो. कोण कोणाशेजारी बसतो, डाळ ढवळून वाढली जाते का, शेवटच्या ओळीला नुसते पाणी येते का, हे तिथे दिसते. इयत्तेनुसार न बसवता मिसळून बसवले आणि वाढणारी मुले रोज बदलली, तर कुरबुर कमी होते. ‘वाढायला तूच’ असे एकालाच सांगितले, की त्याचे मित्र भरपेट जेवतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. छडी बऱ्याच ठिकाणी मागे पडली. दुसऱ्या गोष्टीकडे मात्र कोणी फारसे बघत नाही: ‘ढ’ म्हणणे, पाढा चुकला की वर्गासमोर उभे करणे. एका खोलीत दोन इयत्ता असल्यावर हा अपमान धाकट्या इयत्तेसमोरही होतो.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला लागतात. मजुरी बुडवून सभेला येणे परवडत नाही, म्हणून अनेकदा वही घरोघरी फिरवून सह्या घेतल्या जातात. सभा बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी ठेवली, तर उपस्थिती वाढते, आणि टाकीचा विषय निघतो.