हॅचबॅकला मागे वायपर, मग सेडानला का नाही?

मारुतीची स्विफ्ट ही हॅचबॅक (डिकी बाहेर न आलेली, मागे उभं दार असलेली गाडी) आणि डिझायर ही सेडान (मागे डिकी वेगळी बाहेर आलेली), या दोन्ही गाड्या एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत. तरी स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला मागच्या काचेवर वायपर मिळतो, आणि डिझायरचं सगळ्यात महाग मॉडेल घेतलं तरी मिळत नाही. कंपनीने चार पैसे वाचवले, असं बहुतेकांना वाटतं. पैसे वाचतात हे खरं, पण मूळ कारण गाडीच्या पाठीच्या आकारात आहे.

सेडानच्या छपरावरून आलेली हवा उतरत्या काचेला बरीचशी धरून खाली येते आणि डिकीवरून निघून जाते. जाताना काचेवरचं पाणीही ढकलत नेते. हॅचबॅक, एसयूव्ही किंवा व्हॅनचं छप्पर मात्र जिथे संपतं तिथेच हवेची साथ सुटते. गाडीच्या पाठीशी कमी दाबाचा पट्टा तयार होतो, त्यात हवा गरगरत राहते, आणि चाकांनी उडवलेलं गढूळ पाणी त्या भोवऱ्यात ओढलं जाऊन थेट काचेवर बसतं. म्हणून पाऊस थांबला तरी रस्ता ओला असेपर्यंत मागची काच मळतच राहते. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यावरून आलेली कोणतीही एसयूव्ही मागून बघा. थोडक्यात, पुढचा वायपर पावसासाठी आला आणि मागचा मुख्यतः चिखलासाठी.

पुढच्याची गोष्ट बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असताना ट्रामचा चालक बर्फामुळे काच उघडी ठेवून गाडी हाकताना त्यांना दिसला. आतून दांडा ओढून फिरवायच्या त्यांच्या वायपरला नोव्हेंबर १९०३ मध्ये पेटंट मिळालं, पण त्यातून त्यांना कमाई झाली नाही. पुढे इंजिन हवा आत खेचताना तयार होणाऱ्या ओढीवर चालणारे वायपर आले. त्यांची खोड अशी की चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ही ओढ कमी व्हायची आणि ऐन पावसात वायपर रेंगाळायचा. बॉश या जर्मन कंपनीने १९२६ मध्ये विजेच्या मोटरवरचा वायपर बाजारात आणला. मागच्या वायपरच्या दृष्टीने हा टप्पा महत्त्वाचा, कारण वीज दोन तारांवर गाडीत कुठेही नेता येते, अगदी उघडझाप होणाऱ्या दारातही.

तरीही मागच्या काचेकडे लक्ष जायला आणखी काही दशकं गेली. अमेरिकन स्टेशन वॅगनवाले (म्हणजे छप्पर थेट मागच्या दारापर्यंत नेलेल्या लांब गाड्यांचे मालक) छपराच्या मागच्या कडेला पत्र्याची पट्टी लावून हवा काचेवर वळवायचे. उपाय स्वस्त होता, पण अर्धाच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पोर्शे ९११ ला मागचा वायपर जादा पैसे देऊन घेता येऊ लागला, आणि व्होल्व्होच्या १४५ या स्टेशन वॅगनवरही तो त्याच सुमारास दिसू लागला. दरम्यान रेनॉ ४ (१९६१), रेनॉ १६ (१९६५) आणि मग फोक्सवॅगन गोल्फ (१९७४) यांनी युरोपात हॅचबॅक रुजवली होती. उभ्या काचेच्या गाड्या वाढल्या तशी मागच्या वायपरची गरजही वाढली.

आणखी एक हातभार लागला तो अमेरिकन संशोधक रॉबर्ट कर्न्स यांच्या थांबून-थांबून चालणाऱ्या वायपरचा. त्याचं पेटंट १९६७ चं. फोर्ड आणि क्रायस्लर यांच्याशी त्यांची कोर्टातली लढाई पुढे कैक वर्षं चालली, तो वेगळाच विषय. मागच्या काचेवर पाणी हळूहळू साचतं, त्यामुळे तिथे सतत फिरणाऱ्या वायपरपेक्षा मध्येच एकदा पुसून थांबणारा वायपर जास्त कामाचा.

यंत्रणा पुढच्यापेक्षा सुटसुटीत आहे. पुढे एक मोटर जोडदांड्यांनी बहुतेक गाड्यांत दोन हात हलवते. मागे मोटर थेट डिकीच्या दारात बसते. वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक) तिचा वेग कमी करतो, आणि गोल फिरण्याचं मागे-पुढे हलण्यात रूपांतर त्याच डबीत होतं. बटण बंद केलं तरी हात अर्ध्यावर थांबत नाही, कारण गिअरसोबत फिरणारी संपर्काची चकती ठरलेल्या जागी येईपर्यंत मोटरला वीज देत राहते. पाण्याची टाकी मात्र पुढे, बॉनेटखाली. बऱ्याच गाड्यांत एकच पंप एका दिशेला फिरला की पुढच्या काचेवर पाणी मारतो आणि उलटा फिरला की मागच्या.

दुखणीही याच मांडणीतून येतात. बॉडी आणि दार यांच्यामध्ये रबरी नळीतून तारा जातात. दार उघडताना दरवेळी त्या वाकतात आणि काही वर्षांनी आतली तांब्याची केसरं तुटतात. मोटर मेली म्हणून गाडी गॅरेजला नेली की पुष्कळदा हीच तार निघते. पाण्याचा पाइप सांध्यात निसटला, तर बटण दाबल्यावर काच कोरडी आणि छताचं अस्तर ओलं.

आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हॅचबॅक घरोघरी पोचली. मागचा वायपर मात्र बराच काळ वरच्या मॉडेलची खूण होऊन राहिला, आणि आजही स्वस्त मॉडेलमधून तो आधी कापला जातो. पावसाळा चार महिन्यांचा असलेल्या देशात हा हिशेब मला पटत नाही.

दिसण्यापायी त्याला हटवण्याचे प्रयत्नही झाले. ह्युंदाईची आयोनिक ५ ही इलेक्ट्रिक गाडी २०२१ मध्ये मागच्या वायपरविना आली. छपराच्या मागच्या कडेवरच्या स्पॉयलरमधून (हवा वळवणाऱ्या पट्टीतून) वळवलेली हवा काच साफ ठेवेल, असा भरवसा होता. ग्राहकांनी तक्रारी केल्या आणि २०२४ च्या सुधारित आवृत्तीत वायपर परत बसवला गेला. रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनने २०२३ मध्ये मधला मार्ग काढला. वायपर ठेवला, पण स्पॉयलरच्या खाली, वरून लटकता. बाहेरून पटकन दिसत नाही, आणि एरवी उन्हात तडकणाऱ्या रबराला थोडी सावलीही मिळते.